बंद चॅनेलमधला ठेका

काकांचा साडू विजेवरची वाद्यं दुरुस्त करतो. गेल्या नोव्हेंबरातल्या शेवटच्या शनिवारी, दिवेलागणीला, तो एक छोटी बॅटरी आणायला बाजारात गेला. गोष्ट तिथून सुरू होते, असं काकांनी गच्चीवर जमलेल्या पोरांना सांगितलं.

"खरी आहे का पण?" पुतणीने विचारलं.

"साडू फेकतो, पण पत्ते खेळताना. हे सांगताना त्याचे हात गार पडले होते."

त्याच्याकडे एका ताईंचं ड्रम मशीन आलं होतं. त्यांचा धाकटा भाऊ अपघातात गेला. त्याने बसवलेला एक ठेका मशीनच्या मेमरीत होता आणि ती मेमरी बॅटरीवर तगून होती. बॅटरी फुगली होती.

"ठेका तेवढा जाऊ देऊ नका हो," ताई म्हणाल्या होत्या. "त्याच्या हातचं दुसरं काही उरलं नाही."

रीत अशी, की आधी नवी बॅटरी जोडायची, मग जुनी काढायची. घरी येऊन साडूने नवी जोडली आणि हात जोडले. "देवा, एवढं निभव. महिनाभर चहात साखर घालणार नाही."

आतून बायको ओरडली, "मागच्या वेळी असाच नवस केलात आणि कॉफीत साखर घालून प्यायलात!"

साडू हसला. हसत हसतच त्याने जुनी बॅटरी उपसली.

मशीनवरचे आकडे विझले.

नवी बॅटरी त्याने उलटी जोडली होती.

सुलटी करून, हेडफोन कानांवर चढवून मशीन लावलं. मेमरी कोरी. आता ताईंना काय तोंड दाखवायचं?

हेडफोन कानांवरच होते. सुन्न होऊन, निव्वळ सवयीने, तो एकेका चॅनेलची, म्हणजे मशीनमधल्या एकेका वाद्याच्या वाटेची, खरखर ऐकत गेला. जुन्या मशीनांत एका चॅनेलचा आवाज दुसऱ्यात झिरपतो, शेजारची भांडणं भिंतीतून यावीत तसा. झांजेच्या चॅनेलचा आवाज त्याने पूर्ण वाढवला.

खरखरीच्या मागे... ठेका.

अगदी पुसट. पलीकडून झिरपणारा.

पलीकडचं चॅनेल पाहिलं. बंद. त्याच्या पलीकडचं. बंद.

"मग झिरपत काय होतं?" पुतण्याने विचारलं.

काकांनी गोष्ट पुढे नेली.

साडूने थांबवायचं बटण दाबलं. ठेका चालूच. हेडफोन काढावेत म्हटलं, तर हात उठेना. मग ताईंचा चेहरा आठवला. तो ऐकू येणारा एकेक ठोका मशीनमध्ये भरू लागला. चुकला की आतला ठेका थांबायचा... वाट पाहायचा... पुन्हा पहिल्यापासून.

कुणीतरी शिकवत होतं.

शेवटचा ठोका भरला. खरखर थांबली. एकदम.

सकाळी ताईंनी डोळे मिटून ठेका ऐकला. साडू सगळं कबूल करणार, तोच त्यांनी हात वर केला. पुन्हा लावायला सांगितला.

"अहो, हा शेवट तुम्ही बसवलात?"

"नाही... का हो?"

"त्याचा ठेका मधेच तुटायचा. पुढचं त्याला सुचतच नव्हतं. त्या दिवशी घराबाहेर पडताना म्हणाला होता, आल्यावर पुरा करतो."