न फुटलेला कप

नोव्हेंबरचा दुसरा शुक्रवार, रात्रीचे सव्वाअकरा. साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरचं एक बेट, आणि त्यावरच्या श्रीमंत बंगल्यांच्या वसाहतीचं फाटक. आडवा दांडा खाली. आत दिवे, बाहेर अंधार.

त्या अंधारात अब्राम पोलाइट उभा होता.

"त्याच्याच तोंडून ऐकलंय मी," रेंटीकाका ओसरीवर जमलेल्या पोरांना म्हणाले. "कोळंबी पकडायला आम्ही एकाच होडीत असायचो. थापा मारायचा तो फक्त माशाच्या लांबीबद्दल."

पोरं हसली. काका हसले नाहीत.

अब्रामचं काम साधं होतं. आत जायचं, आईच्या थडग्यावरचा कप फोडायचा, घरी यायचं.

बेटावरच्या आपल्या माणसांत, गेलेलं माणूस शेवटचं पाणी ज्यातून प्यालं ते भांडं थडग्यावर ठेवतात. पण फोडून. फोडलं की मरणाची साखळी तुटते. तसंच राहिलं, तर गेलेलं माणूस घरातल्या कुणाला तरी बोलावत राहतं. अब्रामला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्याची आई टीना हिला पुरताना वसाहतीचा मॅनेजर डोक्यावर येऊन उभा राहिला. "फुटक्या वस्तू नकोत. रहिवाशांची कुत्री फिरतात इथं." पूर्वजांची थडगी यांच्या कुंपणात, म्हणून यांची मर्जी सांभाळायची. अब्रामनं मान खाली घातली आणि आईचा पांढरा कप न फोडताच ठेवून दिला.

आठवड्याभरात त्याची बायको रोझेटा अंथरुणाला खिळली. डॉक्टर झाले, औषधं झाली, ताप हटेना. त्या शुक्रवारी रात्री ती म्हणाली, "अब्राम, आई पायथ्याशी उभ्या आहेत. चल म्हणतायत."

शेजारणीला तिच्या उशाशी बसवून अब्राम तसाच धावत फाटकावर आला.

फाटकावरचा पहारेकरी डेलमार गावातलाच. चर्चमध्ये अब्रामच्या मागे उभा राहून बेसूर गाणारा.

"काका, पास?"

"आई आत आहे माझी. तिला मागितलास का पास?"

"चेष्टा नको, काका. थडग्यांकडे जायचं ते दिवसाउजेडी, तेही पास काढून. वर कॅमेरा आहे. नोकरी जाईल माझी."

"रोझेटा मरतेय रे. तिच्या हातचा भात खाऊन वाढलास तू."

डेलमार खाली बघायला लागला. "पास आणा, काका..."

फाटकावर सोनेरी अक्षरांत नाव आहे, त्यात 'प्लँटेशन' हा शब्द मोठ्या दिमाखात मिरवतो. इंग्रजांनी बार्बाडोसहून, आफ्रिकेतून माणसं गुरांसारखी आणली, त्यांच्याकडून इथल्या मळ्यांत हौदात पाला कुजवून नीळ काढून घेतली, आणि माणसं मेली की या मातीत गाडली. आज त्याच शब्दामुळे बंगल्यांना चढा भाव येतो. तेव्हाही मालकाच्या चिठ्ठीशिवाय कुणी रात्री रस्त्यावर सापडला तर पाठ सोलून निघायची. आता चिठ्ठीला पास म्हणतात. सुधारणा झाली ती एवढीच.

दलदलीतून जावं तर भरती चढलेली. अब्राम दांड्याला धरून उभा राहिला.

मग वास आला. हौदात पाला सडल्याचा.

बेडूक गप्प झाले.

आतल्या रस्त्यावरून माणसं येत होती. रांगेनं. अनवाणी. पावलांचा आवाज नाही. हात कोपरापर्यंत निळे.

शेवटी आई. पुरताना नेसवलेल्या पांढऱ्या कपड्यांत.

तिच्या हातात कप होता. तिनं तो पुढच्याला दिला. त्यानं पुढच्याला. हातोहात कप दांड्यापाशी आला. सगळ्यात पुढच्या म्हाताऱ्यानं तो उचलून धरला...

अब्रामनं हात पुढे केला. बोटभर अंतर राहिलं.

आणि डेलमार सवयीनं बोलून गेला, "पास?"

...

म्हाताऱ्याचा हात खाली गेला. मान खाली गेली. तो वळला. सगळे वळले. तो प्रश्न त्यांना नवा नव्हता.

"डेलमार! उघड! आई आहे ती!"

डेलमार दांड्यापासून मागे सरला. "काका... मी कुणाला विचारलं?"

रस्ता रिकामा होता.

अब्राम घरी पोचला तेव्हा शेजारीण दारातच रडत होती. रोझेटा गेली होती. तिच्या उशाशी, स्टुलावर, आईचा कप होता. अखंड. अर्धा पाण्यानं भरलेला.

ओसरीवर रेंटीकाकांची पुतणी जोनेल हळूच म्हणाली, "मग फोडला का नाही त्यांनी?"

"मीही तेच विचारलं," रेंटीकाका म्हणाले. "तो म्हणाला, आता कुणासाठी?"

अब्रामनं वसाहतीच्या कचेरीत जाऊन विचारलं. उत्तर मिळालं, त्या रात्री फाटकातून कुणीही बाहेर गेलेलं नाही. कॅमेऱ्यात डेलमार दिसतो, आतल्या रस्त्याकडे वळून पास मागताना. समोर कुणी नाही. शेजारीण बायबलवर हात ठेवून सांगते, खोलीत कुणी आलं नाही.

कप अब्रामच्या फडताळात आहे. त्यावर निळ्या बोटांचे ठसे आहेत. एकाच माणसाचे नाहीत. धुऊन ते निघत नाहीत.