चौदावं पान

भांडारपाल लघुलेखन विभागाच्या दारात उभा राहिला, हातात एक टाइप केलेला कागद घेऊन.

“यावर नाव माझं आहे,” तो म्हणाला. “बोलणं माझं नाही.”

मोठ्या बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. त्या विभागाच्या प्रमुख. सरकारने लोकांचा पैसा कुठे आणि कसा घालवला हे संसदेच्या वतीने तपासणारी लोकलेखा समिती. तिच्यापुढे जो जो बोलतो त्याचा शब्दन्‌शब्द उतरवून घेणं हे त्यांच्या चार माणसांचं काम. तीस वर्षांत साक्षीदार इथे येऊन रडले होते, तावातावाने भांडले होते, तसं म्हणायचं नव्हतं अशी सारवासारव करून गेले होते. मी असं बोललोच नाही, असं म्हणणारा हा पहिलाच.

कागद त्याच्या तीन महिन्यांपूर्वीच्या साक्षीचा होता. तो एका सरकारी रुग्णालयाचा भांडारपाल. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ठेवतात त्या काचेच्या चाळीस पेट्या खात्याने त्या रुग्णालयासाठी विकत घेतल्या होत्या. चाळीसच्या चाळीस पोचल्या का, असं समितीने विचारलं होतं. कागदावर उत्तर होतं: ‘होय. चाळीस पोचल्या. पावतीवर सही माझीच आहे.’

“तुम्ही काय म्हणाला होतात?”

“नाही म्हणालो होतो. बारा आल्या. बाकीच्या मागून येतायत असं सांगून चाळीसच्या पावतीवर सही घेतली माझी. आजतागायत वाट बघतोय.”

“आणि आता वॉर्डात किती आहेत?”

“बाराच. एकेका पेटीत दोन दोन बाळं ठेवतात आमच्याकडे, बाई. सिस्टर रोज सकाळी विचारते, पेट्या कधी येणार.” तो खुर्चीच्या काठावर टेकला. “या कागदाप्रमाणे उरलेल्या अठ्ठावीस मी विकून खाल्ल्या. परवा अहवाल संसदेपुढे जाणार. तेरवा पोलीस माझ्या दारात.”

बाईंनी त्याला पाणी दिलं आणि त्या दिवसाचं जे जे आठवतं ते सांगायला लावलं. फारसं काही नव्हतं. खोलीत शिरल्या शिरल्या समोरच्या भिंतीवरचं घड्याळ बघून त्याच्या छातीत धस्स झालं होतं, उशीर झाला म्हणून. मनगटावरचं पाहिलं तर तो वेळेत होता. मग पेट्यांचा प्रश्न आला, तेव्हा लिहिणारी मुलगी नुकतीच येऊन बसली होती.

ती मुलगी म्हणजे धाकटी. बाईंची सख्खी भाची.

बैठक गुप्त होती. गुप्त बैठकीत ध्वनिमुद्रण होत नाही, आणि टाइप केलेली प्रत सचिवांच्या कार्यालयात गेली की विभागातली फाइल पुसून टाकायची असा नियमच आहे. उरते ती फक्त वही. बाईंनी कपाटाचं कुलूप काढून धाकटीची त्या दिवसाची वही बाहेर काढली. वरच्या बाजूला तार ओवलेली, विभागातल्या सगळ्या वह्यांसारखी.

चौघांनी दहा दहा मिनिटं लिहायचं, म्हणजे प्रत्येकाची पाळी चाळीस मिनिटांनी फिरून यायची. पाळीच्या पहिल्या पानावर डोक्याशी वेळ टाकायची. धाकटीच्या तीन पाळ्या होत्या: अकरा वाजून नऊ मिनिटं, अकरा चाळीस, बारा एकोणतीस. मधली पाळी चौदाव्या पानावर सुरू होत होती आणि पेट्यांचा प्रश्न तिथेच होता. लघुलिपीत स्वच्छ लिहिलं होतं: होय. चाळीस.

वळणही घरचंच होतं. बाकीचे तिघे दुसऱ्या शाळेतून शिकून आलेले, त्यांच्या रेघा वेगळ्या. बाईंना मात्र लघुलेखन शिकवलं होतं याच विभागाच्या तेव्हाच्या प्रमुखांनी, जे आता समितीचे सचिव होते. बाईंनी ते भाचीला शिकवलं. तिच्या लिपीतला तो किंचित मागे झुकलेला बाक कुणालाही ओळखू आला असता.

त्यांनी धाकटीला बोलावलं.

“ही साक्ष आठवते तुला?”

“नाही. लिहिताना डोकं रिकामं ठेवायचं, तूच तर शिकवलंस. कान ऐकतो, हात लिहितो.”

“हे अक्षर तुझंच ना?”

धाकटीने पान उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिलं. “माझंच दिसतंय,” ती म्हणाली. मग हळूच म्हणाली, “मावशी, मी पैसे घेऊन लिहिलं असं वाटतं तुला?”

बाईंनी वही मिटून नोंदवही पुढे ओढली. ते न दिलेलं उत्तर त्यांना दिवसभर सलत राहिलं.

नोंदवहीप्रमाणे ही वही कपाटातून दोनदाच बाहेर गेली होती. एकदा आरोग्य खात्याच्या अधिकाऱ्याने वाचनकक्षात तासभर पाहिली होती. त्याआधी सचिवांच्या कार्यालयाने पडताळणीसाठी दोन दिवस ठेवून घेतली होती.

अधिकारी भेटला तो घाईतच.

“वही कशाला हवी होती तुम्हाला?”

“वरून सांगितलं, बघून या. बघितली.”

“काय वाचलंत?”

“वाचतोय कसला? त्या किड्यामुंग्या तुमच्या तुम्हालाच कळतात.”

तो खोटं बोलत नसावा. बाईंनी वही उलटी करून त्याच्यापुढे धरली होती आणि तो तशीच बघत मान हलवत होता.

सचिवसाहेबांच्या दालनात हार-तुऱ्यांची गर्दी होती. महिनाअखेर ते निवृत्त होणार होते, आणि लगोलग सरकारच्या उपकरण खरेदी मंडळाचे अध्यक्ष. लोक आत्तापासूनच अभिनंदन करून जात होते. बाईंना पाहताच त्यांनी बाकीच्यांना बाहेर काढलं. बाईंचं म्हणणं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“फार खोदू नकोस,” ते मायेने म्हणाले. “साक्षीदार नंतर घाबरतात, हे तुला मी सांगायला हवं का? आणि खोदशील तर निघेल कोण? तुझीच भाची. वही म्हणते ते खरं, एवढंच धरून चाल.”

बाई बाहेर आल्या. गप्प बसलं तर भांडारपाल तुरुंगात, तोंड उघडलं तर धाकटी. मध्ये कुठेच वाट दिसेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या समितीच्या रिकाम्या खोलीत, लघुलेखकांच्या मेजाशी जाऊन बसल्या. समोर अध्यक्षांची उंच खुर्ची, शेजारी सचिवांची, आणि दोघांच्या डोक्यामागे भिंतीवर ते गोल घड्याळ. शिपाई टेबलं पुसत होता. भांडारपालाची छाती त्या घड्याळाने उगाच धडधडवली, हे बाईंनी त्याला सहज सांगितलं.

शिपाई ओशाळून हसला. “नऊ मिनिटं पुढे आहे, बाई. तुम्हाला ठाऊकच आहे की. आमची जेवणाची सुट्टी तेवढीच लवकर होते. साहेबलोकांच्या ते पाठीमागे, त्यांना कुठे दिसतंय.”

बाई हसल्या नाहीत. त्यांनी वही उघडून तीन पाळ्यांच्या तीन वेळा पुन्हा वाचल्या. मग बोटांवर काहीतरी मोजलं, आणि उठून थेट अध्यक्षांकडे गेल्या.

अकराला समिती बसली. अध्यक्ष जुने शाळामास्तर. मी कागदावर चालतो, असं ते सुरुवातीलाच बजावून मोकळे झाले. तीन महिन्यांत साठ साक्षीदार ऐकले होते त्यांनी, कोण काय म्हणालं ते आठवणार कुठून? दाराशी भांडारपाल उभा होता. लघुलेखकांच्या मेजाशी धाकटी, मान खाली घालून.

“सर,” बाई सचिवांना म्हणाल्या, “किती वाजले?”

सचिवांनी मनगटाकडे पाहिलं. “अकरा दहा.”

“अध्यक्षसाहेब, जरा मागे वळून बघता?”

अध्यक्ष वळले. भिंतीवर अकरा एकोणीस झाले होते.

“हे घड्याळ कायम नऊ मिनिटं पुढे असतं,” बाई सांगू लागल्या. “ते आम्हाला दिसतं आणि साक्षीदाराला दिसतं. तुमच्या दोघांच्या ते पाठीमागे आहे. पाळी बदलते ती या घड्याळावर, म्हणून वहीत वेळ पडते ती इथलीच. टाइप करताना आम्ही नऊ मिनिटं वजा करतो. टाइप केलेल्या प्रतीत वेळ बरोबर असते. वहीत कधीच नसते.”

त्यांनी वही अध्यक्षांपुढे ठेवली.

“धाकटीची पाळी चाळीस मिनिटांनी येते. पहिली अकरा नऊला, तिसरी बारा एकोणतीसला. मधली अकरा एकोणपन्नासला हवी. चौदाव्या पानावर आहे अकरा चाळीस. अख्ख्या वहीत तेवढीच एक वेळ बरोबर आहे, साहेब. म्हणून ते पान खोटं आहे. ते या खोलीत लिहिलंच गेलं नाही. मागाहून, टाइप केलेली प्रत समोर ठेवून लिहिलं, आणि तारेतून जुनं पान काढून हे ओवलं.”

“तिनेच लिहिलं नसेल कशावरून?” अध्यक्षांनी धाकटीकडे बोट दाखवलं.

“तिने खोटं पान लिहिलं असतं तरी त्यावर एकोणपन्नासच टाकले असते. आमच्या हाताला ती सवय आहे. हे लिहिणाऱ्याला लघुलिपी येते, आमची सवय माहीत नाही. म्हणजे तो या विभागात होता, पण हे घड्याळ लागायच्या आधी. आणि हे वळण लिहिणारी माणसं या इमारतीत तीनच आहेत. धाकटी, तिला शिकवणारी मी, आणि मला शिकवणारे.”

सचिवसाहेब उगाचच मनगटावरचं घड्याळ फिरवत होते.

“वही दोन दिवस तुमच्याकडे होती, सर. टाइप केलेली प्रतही तुमच्याकडेच होती. तिच्यातलं उत्तर तुम्ही बदललंत, आणि वहीशी जुळावं म्हणून पान बदललंत. पेट्या ज्या खात्याने घेतल्या, त्याच खात्याचं आहे ते खरेदी मंडळ, ज्याचे तुम्ही अध्यक्ष होणार आहात.”

“निवृत्तीपर्यंत चार महिन्यांचा प्रश्न होता,” सचिव शेवटी म्हणाले, तेही बाईंकडे न बघता. “कुणी विचारायलाच येणार नाही असं वाटलं होतं.” मग मान मागे वळवून त्यांनी भिंतीकडे पाहिलं. “वीस वर्षं बसलो या खुर्चीत. एकदाही वळून बघितलं नाही.”

अध्यक्षांनी त्यांना बाहेर जायला सांगितलं. अहवाल थांबला. भांडारपालाला पुढे बोलावून पुन्हा शपथ देण्यात आली.

धाकटीला उठवून बाई स्वतः तिच्या जागी बसल्या. बसताना त्या तिच्या कानाशी वाकल्या. “काल उत्तर दिलं नाही मी,” त्या म्हणाल्या. “चुकलं माझं.” धाकटीने डोळे पुसले आणि त्यांच्यापुढे टोकदार पेन्सिल सरकवली.

बाईंनी मान वर करून भिंतीवरची वेळ पानाच्या डोक्याशी टाकली.

“चाळीसच्या चाळीस पेट्या पोचल्या का?” अध्यक्षांनी विचारलं.

“नाही साहेब,” भांडारपाल म्हणाला. “बारा पोचल्या.”

बाईंनी लिहिलं. ‘नाही’ची खूण त्यांनी पहिल्याच दिवशी सरांकडून गिरवून घेतली होती, किंचित मागे झुकलेली. ती तशीच उमटली. पुढचं त्यांना दिसेना. पण हात लिहीत राहिला.