वैद्यबुवांच्या नावापुढची फुली

"बाबा, हलू नका म्हटलं ना! शंभरदा सांगून झालं!"

ती हे बोलली बाबांना, पण जागच्या जागी थबकला तो श्रवणयंत्रवाला. बाबांच्या कानात यंत्र बसवता बसवता त्याचा हात थांबला आणि त्याने सावकाश मान वर केली.

"मास्तरीण...?"

तिने चमकून त्याच्याकडे पाहिलं. या नावाने तिला जगात फक्त नऊ माणसं हाक मारत, आणि त्यातल्या एकाचंही तोंड तिने कधी पाहिलेलं नव्हतं. आणि हा आवाज – खालच्या पट्टीतला, चहूकडे पळापळ चाललेली असताना 'आलो, आलो, सांभाळलं' म्हणणारा – हा तर दर रविवारी दुपारी तिच्या हेडफोनमध्ये असायचा.

"वैद्यबुवा? अगं बाई! म्हणजे तुम्ही... तू इथे? याच शहरात?"

"दोन वर्षं तुझा ओरडा खातोय. आवाज ओळखणार नाही होय? शिवाय आपला धंदाच कानांचा."

बाबा आळीपाळीने दोघांच्या तोंडांकडे बघत राहिले. यंत्र अजून चालू व्हायचं होतं, त्यामुळे त्यांना काही ऐकू आलं नाही. लेक गालातल्या गालात हसतेय, एवढं मात्र त्यांनी पाहून ठेवलं.

आता एवढं सांगायला हवं की ही बाई एरवी बसथांब्यांवर लावायचे मार्गांचे नकाशे आखायची आणि रविवारी एका ऑनलाइन गेममध्ये दहा जणांच्या टोळीची म्होरकी व्हायची. दहा जणांनी मिळून राक्षस पाडायचे, असा तो खेळ. पण पडद्यावर इतकी गर्दी, की कोण जखमी आणि कोण धडधाकट, काही कळेना. म्हणून तिने स्वतः एक ॲड-ऑन लिहिलं, म्हणजे मूळ गेमवर वरून बसवायची जोडणी. प्रत्येक सोबत्याची एक पट्टी. तब्येत ठणठणीत असेल तर हिरवी, जीव जायला आला की लाल. पट्टी लांबीने कमी होत नसे, नुसता रंग बदले. रंग पुरेसा बोलका असतो, हे तिचं ठाम मत. फोल्डर नेमक्या जागी टाकायचं, गेमच्या यादीत त्याच्यापुढे खूण करायची, झालं. चार हजार अनोळखी लोक आज ते वापरत होते. तिला याचा भारी अभिमान होता आणि तो लपवायची तिला काही गरज वाटत नसे.

टोळीत ते प्रत्येकाने चालू ठेवायचं, असा नियम होता. त्यात एक बटण होतं. ते दाबलं की टोळीत कोणाकडे ॲड-ऑन चालू आहे ते दिसे. दर रविवारी नऊ खुणा दिसत आणि एक फुली. फुली वैद्यबुवांच्या नावापुढे! सगळ्यांच्या जखमा भरायचं काम ज्याचं, त्याच्याच! सात रविवार शेवटचा राक्षस काही पडत नव्हता, आणि सगळ्यांत पुढे उभा राहून मार खाणारा पहिलवान धुसफुसत होता. "नियम म्हणजे नियम. फुली दिसली की बाहेर." येत्या रविवारी फुली दिसली तर वैद्यबुवांना काढेन, असं ती सगळ्यांसमोर बोलून बसली होती.

"तुला काढायचं माझ्या अगदी जिवावर आलंय रे," ती हळूच म्हणाली. "बसवता येत नसेल तर सांग ना. त्यात लाजायचं काय?"

"बसवलंय की. फोल्डर चुकलं असेल..."

"उद्या जेवणाच्या सुट्टीत येते. मीच बघते."

"काकांच्या यंत्रासाठी?"

"बाबांचं काम तर आजच होतंय."

"मग माझ्यासाठी?"

"ॲड-ऑनसाठी," ती म्हणाली आणि यंत्र चालू होताच बाबांना जवळजवळ ओढतच बाहेर घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा त्याने टेबलावरचे बारीक पेचकस आणि कानांचे साचे बाजूला सारून लॅपटॉप मांडून ठेवला होता. शेजारी चहाचे दोन कप. तिने फोल्डर उघडलं. अगदी बरोबर जागी होतं! यादी उघडली... तिच्या ॲड-ऑनपुढची खूण कोणीतरी मुद्दाम काढली होती. त्याखाली भलतंच एक ॲड-ऑन चालू होतं. नाव – 'कान'.

"खोटं बोललास," ती म्हणाली.

त्याने चहाचा एक कप तिच्यापुढे सरकवला.

तिने तिरीमिरीत आपलं ॲड-ऑन चालू केलं. सरावासाठीच्या दहा पट्ट्या पडद्यावर उभ्या राहिल्या. "काय वाईट आहे यात? सांग, कोण मरतंय?"

तो पडद्याकडे बघत राहिला. मग तिच्याकडे. मग पुन्हा पडद्याकडे... चौथी पट्टी लालभडक होऊन किती वेळ झाला होता.

"लाल आणि हिरवं मला वेगळं दिसत नाही," तो शेवटी म्हणाला. "लहानपणापासून. दोन्ही मातकट."

तिचा राग कुठल्या कुठे पळाला. "आणि दोन वर्षं तू गप्प बसलास?"

"तू त्या रंगांबद्दल बोलायला लागलीस की इतकी खुलतेस... ते मोडवेना. शिवाय कुणी कीव केलेली मला खपत नाही. माझं काम मी करतो ना?"

"चोख करतोस. म्हणून तर राग येतोय!"

त्याने हेडफोन उचलला आणि अलगद तिच्या कानांवर ठेवला. बोटं क्षणभर केसांत अडकली. ढोलाचे ठोके ऐकू आले, हळूहळू मंदावणारे. "हा पहिलवान. दमला की असा मंद होतो." मग एक घंटा, मग एक शीळ... टोळीतल्या आठ जणांचे आठ आवाज. हा पठ्ठ्या सगळ्यांना कानांनी सांभाळत होता!

"आणि माझा आवाज?"

"तुझा ठेवला नाही."

"का? मी मेले तरी चालेल?"

"कानांना आठ जण सोपवलेत," तो म्हणाला. त्याने नजर चोरली नाही. "डोळे रिकामेच होते. पडद्यावर ते तुझ्याकडे असतात... दोन वर्षं."

तिने चहा एका घोटात संपवला, 'कान'ची प्रत मागून घेतली आणि "रविवारी बघू" एवढंच म्हणून ती निघाली. रस्त्यात तिच्या लक्षात आलं, छत्री दुकानातच राहिली होती. ती परत गेली नाही.

घरी मात्र ती झपाटल्यासारखी बसली. चार हजारांत असे कितीजण डोळे ताणत बसले असतील, आणि आपण रंगांच्या तोऱ्यात! तीन दिवसांत पट्ट्या लांबीनेही कमी-जास्त होऊ लागल्या आणि आठही आवाज जागच्या जागी बसले. शेवटी तिने कर्त्यांची नावं टाकायची जागा उघडली. तिथे आजवर एकटीचं नाव होतं. तिने त्याचं नाव लिहिलं. आपल्या नावाच्या वर.

रविवारी दहाही जण जमले. पहिलवानाने तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "मंडळी, फुली वैद्यबुवांची नव्हती, माझी होती. काम मी अर्धवट केलं आणि दोष त्यांच्यावर टाकला. नवं ॲड-ऑन घ्या. आम्ही दोघांनी केलंय."

एकेकाने ते बसवलं. तिने बटण दाबलं. दहा खुणा.

तिसऱ्या प्रयत्नात राक्षस कोसळला. असा गलका उठला की बाबा खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. त्यांना आता सगळं स्वच्छ ऐकू येत होतं.

"वैद्यबुवा, मानलं!" पहिलवान ओरडला. "पण मास्तरीणबाई, खरं सांगा, आज त्यांची एवढी बाजू घेतलीत... काही भानगड आहे का?"

हेडफोनमधल्या त्या नऊ आवाजांतला एक जण श्वास रोखून बसलाय, हे तिला कळत होतं.

"आहे," ती ताठ मानेने म्हणाली. "टोळीला ते रविवारी मिळतील. बाकीचे सहा दिवस माझे."