डावीकडचं वळण

तिमोफेईचं पत्र येऊन महिना होत आला, तरी पार्थने उत्तर लिहिलं नव्हतं. तिमोफेई हा त्याचा जपानमधल्या ग्योतोकुच्या शाळेतला रशियन मित्र. आइस हॉकीत त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. रशियातली पोरं अठराव्या वर्षी व्यावसायिक संघात पोचतात, हाही पोचणार, असं सगळे म्हणत. पण एका व्यावसायिक संघाच्या शिबिरासाठी निवड होती, तेव्हा तो पुन्हा पुन्हा आपटला आणि बाद झाला. मग वडिलांची बदली झाली आणि तो दूर उत्तरेला होक्काइदोला गेला. पत्रात त्याने विचारलं होतं, 'तू पाहत होतास. खरं सांग, माझ्यात दम नाही का? नसेल तर मी खेळ सोडतो.'

खरं काय ते पार्थला ठाऊक नव्हतं, आणि खोटं लिहवत नव्हतं.

हिवाळ्याच्या सुट्टीत तो धाकट्या तन्वीला आणि वर्गातल्या अक्षयाला घेऊन तिमोफेई सराव करायचा त्याच बर्फाच्या रिंकवर गेला. तन्वीने काउंटरवर स्केट्सना धार लावून घेतली, बर्फावर उतरली आणि पहिल्याच वळणावर बसली.

"दादा, हसू नकोस हं."

"उजवीकडे वळ बघू," अक्षया म्हणाली.

तन्वी झोकात वळली. डावीकडे वळताना मात्र पुन्हा सपशेल आडवी.

पार्थ एकदम ओरडला, "तिमोफेईपण डावीकडेच पडत होता!"

अक्षयाने पिशवीतली मोजपट्टी काढून स्केटच्या पात्यावर आडवी ठेवली. पात्याच्या दोन्ही कडा सारख्या उंच हव्यात. पट्टी एका बाजूला कलली.

तिघं धावत रिंकच्या प्रशिक्षकांकडे गेली; त्यांना सगळे आदराने ओनो-सान म्हणत. "लहान मुलांचे घोटे कच्चे असतात," ते फोनमधून मान वर न काढता म्हणाले.

"आपण परदेशी ना," अक्षया बाहेर येऊन पुटपुटली, "पडलो की चूक आपलीच. तिमोफेईलाही तेच वाटलं असणार."

तन्वी परत आत गेली. "ओनो-सान, वर्षअखेरची साफसफाई चाललीय, सगळं लख्ख करून ठेवायचं असतं ना? तुमच्या स्केट्सना धार लावून आणू का?"

ओनो-सान खूश झाले. थोड्या वेळाने त्याच काउंटरवर धार लावून आणलेले स्केट्स घालून ते बर्फावर उतरले.

"सावकाश, ओनो-सान," पार्थला राहवेना.

ते सावकाशच डावीकडे वळले आणि धपकन बसले. कुणी हसलं नाही. बसल्या जागीच त्यांनी हात पुढे केला. "ती पट्टी द्या."

धार लावायचं यंत्र तिमोफेईच्या निवडीच्या थोडं आधी हलवलं होतं. त्याचं चाक तिरकं झालेलं कुणी पाहिलंच नव्हतं.

"निवडीच्या आदल्या दिवशी इथे धार लावून घे, असं त्याला मीच सांगितलं होतं," ओनो-सान म्हणाले. त्यांनी लगेच त्या व्यावसायिक संघाला फोन लावला. बोलताना ते फोनलाच वाकून नमस्कार करत होते. मग फोन ठेवला. "निवड संपली. आता बदल होत नाही."

"पण चूक त्याची नव्हती."

"नव्हती."

"मग?"

"मग काही नाही, पार्थ-कुन." ते तिघांपुढे कमरेत वाकले. "मी मोठा असून पाहिलं नाही. तुम्ही पाहिलंत. शाबास."

पार्थला शाबासकी घ्यावीशी वाटेना. घरी येऊन त्याने जपानीत लिहिलं, 'तुझ्या पात्यांना धार वाकडी लागली होती. आधी ती दुसरीकडे नीट करून घे. हातचं शिबिर गेलं, ते आम्हाला परत आणता आलं नाही. तुझ्यात किती दम आहे ते त्या दिवशी कुणी पाहिलेलंच नाही. सोडू नकोस.' दुसऱ्या दिवशी रिंकवर ओनो-साननी पत्राखाली माफी मागून सही केली.

"त्याने आधीच सोडलं असेल तर?" टपालपेटीपाशी तन्वीने विचारलं.

पार्थने पाकिटावरचा पत्ता पुन्हा एकदा तपासला. त्याने पाकीट आत सोडलं.