सात नंबरचा प्लग

माझी दोन दिवसांची मेहनत ज्याने एका झटक्यात मातीत घातली, त्याला मी आधी मनसोक्त शिव्या दिल्या आणि मग त्याच्या प्रेमात पडले. क्रम मात्र अगदी हाच.

आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं, तिला एकटीला सोडून बाहेर पडणं शक्य नव्हतं आणि माझा प्रबंध गळ्याशी आलेला. गाड्यांच्या वर्दळीने एका जुन्या पुलाला किती हादरे बसतात, याचा तो हिशोब. तो करणारं सॉफ्टवेअर इतकं महागडं की विद्यापीठाने त्याची मोजकीच लायसन्स घेतलेली, आणि तीही लॅबमधल्या ठरावीक मशीनना बांधलेली. विद्यार्थी असो की कर्मचारी, घरून काम करायचं तर रिमोट ॲक्सेसने तिथलंच मशीन उघडायचं. म्हणजे मी इथे स्वयंपाकघराच्या टेबलाशी, आणि तिथे रिकाम्या खुर्चीसमोर सात नंबरच्या स्क्रीनवर बाण आपोआप फिरतोय!

त्या खुर्चीत एक दिवस तो येऊन बसला. समोर बाण पळताना दिसला, व्हायरसच शिरला असं त्याला वाटलं, आणि पठ्ठ्याने सरळ प्लग उपटला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसकडून कळलं की कोणीतरी प्लग काढला होता, तशी मी स्क्रीनवर कोरं पान उघडून लिहिलं, ‘काल प्लग काढणारे महाशय, समोर असाल तर हजर व्हा!’

मग माझा हात बाजूला असताना अक्षरं उमटू लागली.

‘हजर... तुम्ही माणूस आहात?’

‘कालपर्यंत होते. आज वाघीण आहे.’

‘माफ करा. खरंच. खुर्ची रिकामी होती हो...’

तो वर्कशॉपमध्ये शिकवायचा, आणि उरलेल्या वेळात कृत्रिम पाय बनवायचा. चालताना त्या पायावर किती ताण येतो हे त्यालाही याच सॉफ्टवेअरवर बघायचं होतं. शेवटी तह झाला. सकाळ त्याची, दुपार माझी. पण दुपारीही तो खुर्ची सोडेना. मी त्याला ‘प्लगवाले’ म्हणायचे, तो मला ‘सात नंबर’.

‘तुमच्या पुलावरून माझा पाय चालेल ना?’ तो विचारायचा.

‘आधी पायाला नीट चालायला तर शिकवा!’

कधीकधी आम्ही दोघं एकाच वेळी माउस हलवायचो. बाण एकच, ओढणारे हात दोन — तो मधल्यामध्ये थरथरत राहायचा. मग तो हळूच हात काढून घ्यायचा आणि बाण माझ्याकडे यायचा. त्या क्षणी माझ्या कानाच्या पाळ्या गरम व्हायच्या. मी उठून उगाचच पाणी प्यायचे.

एकदा त्याने फोन नंबर विचारला. मी ऐटीत लिहिलं, ‘आधी माझा पूल उभा राहू दे, मग बघू.’ त्याने पुन्हा विचारलं नाही. आणि मीही अशी मानी... आपणहून देते थोडीच!

त्या मानीपणाची किंमत मला शेवटच्या दिवशी कळली. माझी मुदतवाढ त्या दिवशी संपत होती. संध्याकाळी पाचच्या आत निकाल माझ्या गाइड बाईंच्या हातात पडला नाही तर वर्ष वाया, आणि पाच वाजता माझा ॲक्सेसही बंद. म्हणजे पूलही गेला आणि प्लगवालेही गेले. त्याचं नाव मला ठाऊक नव्हतं. चेहरा तर नाहीच.

सकाळी उजाडताच शेवटचा हिशोब लावून दिला. निम्म्याहून पुढे गेला होता. त्याने लिहिलं, ‘मी इथेच आहे, कोणाला हात लावू देत नाही. पण पाच वाजल्यानंतर आपण...’

आणि स्क्रीन काळी झाली.

पुन्हा जोडून पाहिलं. पुन्हा. पुन्हा. शेवटी ऑफिसला फोन लावला.

“त्या मजल्याची लाइट बंद केलीय मॅडम,” पलीकडचे म्हणाले, “मेन बोर्ड बदलतायत. उद्या येईल.”

आई पलंगावरून बघत होती.

“स्क्रीनकडे बघून लाइट येणार आहे का? ऊठ, जा.”

“तुला सोडून?”

“मावशीला बोलाव. आणि मी काय या पायाने पळून जाणार आहे?”

मावशी आली तशी मी धावतच बस पकडली. खिडकीशी बसून नखं कुरतडत होते. लाइट गेली म्हणजे मशीन बंद, मशीन बंद म्हणजे सगळं पहिल्यापासून. वेळ कुठे होता? तरी जात होते. खरं सांगू, प्रत्येक सिग्नलला मनात पुलापेक्षा ते अर्धवट वाक्यच घोळत होतं. पाच वाजल्यानंतर आपण... काय?

जिन्यात अंधार होता. दोन-दोन पायऱ्या चढत निघाले, तेवढ्यात वरून कोणीतरी केवढ्याने तरी ओरडलं.

“ओ! वायरवर पाय देऊ नका!”

मी एका पायावर थांबले. पायऱ्यांवरून एक लांबलचक वायर वर गेलेली. खालच्या मजल्यावरच्या सॉकेटमधून निघालेली. आणि वरच्या पायरीवर एक उंच, सडपातळ, घामाने भिजलेला माणूस दोन्ही हात पसरून उभा.

“इथून कोणी जायचं नाही. वर एकीचं वर्ष अडकलंय.”

“प्लगवाले?” मी विचारलं.

त्याचे हात तसेच पसरलेले राहिले. “सात नंबर...?”

मी मान हलवली. त्याने घाईघाईत भिंतीला चिकटून वाट दिली.

“आधी वर जा. तुमच्या त्या शिव्यांनंतर मी मशीनला यूपीएस लावला होता. त्याच्या बॅटरीवर जीव धरून होतं, तोवर खालून वायर ओढली. बंद नाही पडलं. नेटवर्क तेवढं गेलं, म्हणून तुम्हाला कळवता... नंबरच नव्हता ना.”

त्या शेवटच्या वाक्याने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लॅबमध्ये पंखे बंद, स्क्रीनही सगळ्या बंद. सात नंबर एकटा उजळलेला. हिशोब संपत आला होता, पण मुंगीच्या पावलांनी. जिन्यात इलेक्ट्रिशियन त्याच्यावर खेकसत होते, “काढा ती वायर, आम्हाला सामान न्यायचंय!” आणि तो म्हणत होता, “सामान मी वाहून देतो, वायरला हात लावू नका.” खरोखरच वाहत होता. त्याच्या धापा मला आत ऐकू येत होत्या. मी हात मांड्यांखाली दाबून बसले. चुकून माउसला धक्का लागला तर?

हिशोब पूर्ण झाला आणि मी ओरडलेच. पण निकाल न्यायचा कशात? घरून काम करणारीकडे पेन ड्राइव्ह कुठला! तो दारातून धावत आला, स्वतःचा पुढे केला. बोटांना बोटं लागली. पेन ड्राइव्ह एकच, धरणारे हात दोन, थेट त्या बाणासारखे.

“पळा!” तो म्हणाला.

मी पळाले. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्या अवताराकडे. “आलीस एकदाची,” म्हणत त्यांनी पेन ड्राइव्ह घेतला. त्या निकाल उतरवून घेत होत्या तेव्हा बाहेर पाचचे ठोके पडले.

परत आले तेव्हा तो सात नंबरशी उकिडवा बसला होता. हात प्लगवर, पण काढत नव्हता.

“दिलात?”

“दिला. पूल उभा राहिला.”

“छान झालं.” त्याने खाली पाहिलं. “आता तुमचा ॲक्सेस संपला.”

“तुमचं वाक्य अर्धवट राहिलंय,” मी म्हटलं. “पाच वाजल्यानंतर आपण... काय?”

तो वायरशी चाळा करू लागला. “माझं काम सकाळीच संपायचं. दुपारी मी नुसता बसायचो. बाण हलायची वाट बघत. पाच वाजल्यानंतर आपण... भेटलो नाही तर मला राहवणार नाही, एवढंच लिहायचं होतं.”

मी त्याच्याशेजारी फरशीवर बसले. “मलाही नाही राहवणार,” मी म्हटलं. “तुम्ही मला फार आवडता. नंबर त्याच दिवशी द्यायला हवा होता. आज लाइट गेली तेव्हा आधी पूल आठवायला हवा होता ना? तुम्ही आठवलात.”

त्याने वर पाहिलं. डोळे असे हसरे असतील हे मला स्क्रीनवर कधी कळलंच नव्हतं.

“काढू का?” त्याने प्लगकडे बोट दाखवलं. “या वेळी विचारून.”

“काढा.”

त्याने प्लग काढला. यूपीएस टिटिट करत ओरडू लागला. त्याचा हात माझ्या हातात होता, आणि तो ओरडा बंद करायला आम्हा दोघांपैकी कोणीच उठलं नाही.