हाकपक्षी

खाडी जिवंत की मेलेली, हे आता रोहित पक्षी ठरवत. कायदाच तसा झाला होता: पाच हजार फ्लेमिंगो उतरले तर खाडी राखीव, नाहीतर भराव. पक्ष्यांना कुठला आलाय कायदा! म्हणून डॉ. शर्वरी गुप्ते यांनी हाकपक्षी बनवले, दिसायला हुबेहूब रोहित, आत यंत्र. रोहित एकटा सहसा उतरत नाही. खाली थवा चरताना ऐकू आला की उतरतो. हाकपक्षी तोच चरण्याचा आवाज काढत. चाळीस यंत्रांनी दोन वर्षांत अकरा हजार पक्षी उतरवले.

चांगुणा वैती त्याच चिखलात निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, पकडायची. एका सकाळी ती खाडीकाठच्या केबिनीत शिरली आणि पाटीतला मेलेला रोहित तिने शर्वरींच्या टेबलावर ठेवला.

"बाय, ह्यो पांढरा कसा गो? पयले गुलाबी व्हते."

शर्वरींनी मान खाली घातली. "रंग त्यांना शेवाळातून मिळतो, मावशी. खायला नसलं की नवी पिसं पांढरी येतात."

"मंग उडून जावा ना! उपाशी मरतान कशाला?"

"बाकीचे खातायत असं ऐकू येतं. प्रत्येकाला वाटतं, आपल्यालाच सापडत नाही."

चांगुणाने रिकामी पाटी खाली ठेवली. महिनाभर तिच्या पाटीत चार निवट्याही येत नव्हत्या. एवढे पक्षी उतरलेत म्हणजे खाडी मासळीने भरलेलीच, आपलेच हात म्हातारे झाले, असं ती समजत होती.

"बंद कर ती यंत्रं."

"मग भराव पडेल, मावशी."

"पडू दे! त्या भरावाचा मुडदा बशिवला!"

शर्वरींनी बटण दाबलं. चाळीस माना जागच्या जागी थांबल्या. आवाज मात्र थांबला नाही. यंत्रांचं ऐकून ऐकून अकरा हजार पांढुरके पक्षी रिकाम्या चोचींनी तीच हाक एकमेकांना घालत होते.

चांगुणाला मुलगा आठवला. तिचा नथू गुजरातेत बंदरावर कामाला होता. पक्षी उतरले तसं तिनेच त्याला कळवलं होतं, खाडी परत भरली, ये. तिने घाईघाईने फोन लावला.

"नथू, येव नको रं! नोकरी सोडू नको!"

"काय? आये, मोठ्यानं बोल. सोडली की नोकरी! टेम्पोत हाय, पोरं पण हायेत. आन् मी एकटा नाय, सगल्यांना सांगलं. आपल्या कोळीवाड्याची इकडं आलेली तीस घरं परत निघालीत."

"मागं फिरा! नथू, हितं काय नाय रं!"

"तुझं काय बी ऐकू येत नाय, पक्षीच ऐकू येतान." तो हसला आणि त्याने फोन पोरांपुढे धरला. "ऐका रं, आपली खाडी बोलावते."