चौथा सिलिंडर

जगात दोनच प्रकारची माणसं आहेत, असं त्याचं मत होतं: एक तो स्वतः, आणि बाकीची गाढवं. गॅरेजमध्ये सगळे त्याला सर्जन म्हणत. त्यातली थट्टा त्याला कधी कळली नाही.

त्या दुपारी समोर उभं असलेलं गाढव म्हणजे त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ.

"भाऊजी, तो इंजिनाचा दिवा पुन्हा पेटलाय."

"मग फुंकर मारायचीस."

मेहुणा ओशाळून हसला. त्याच्या गाडीचं इंजिन सर्जननेच खोललं होतं. तडा गेलेलं सिलिंडर-हेड काढून भंगारातल्या दुसऱ्या गाडीचं बसवलं होतं. 'ती गाडी कुठून आली ते मात्र विचारू नका,' असं भंगारवाला म्हणाला होता. सर्जन विचारणाऱ्यांतला नव्हताच. विचारतात ती अडाणी माणसं.

आता याच गाडीतून त्याच्या बायकोला टेकड्यांपलीकडच्या इस्पितळात जायचं होतं. दिवस भरत आले होते. कितीतरी वर्षं वाट पाहिल्यावर घरात पाळणा हलणार होता, आणि या एकाच गोष्टीपुढे सर्जनची जीभ नरम पडायची.

त्याने स्कॅनर जोडला. चौथ्या सिलिंडरमध्ये मिसिंग, म्हणजे ठोका चुकतोय, असं पडद्यावर आलं.

"भाऊजी... आपल्या इंजिनाला तीनच सिलिंडर ना?"

"मोजता येतं की तुला! सांग आईला, पोरगं हाताशी आलं म्हणून."

यंत्रंही गाढवंच, असं म्हणत त्याने फॉल्ट पुसून टाकला. दिवा विझला. बॉनेट लावायच्या आत पुन्हा पेटला. त्याने प्लग बदलले, कॉइल बदलल्या, वायरी हलवून पाहिल्या, प्लग बनवणाऱ्यांच्या सात पिढ्या उद्धरल्या. पडद्यावर दर वेळी चौथाच.

शेवटी तो चालू इंजिनावर कान देऊन वाकला. शटर अर्धं ओढलेलं, त्यामुळे आत अंधारलेलं होतं. तापलेल्या ऑइलच्या वासाखालून आंबट दुधाचा वास येत होता. ठक... ठक... ठक... आणि मग एक जागा रिकामी. पुन्हा तीन ठोके, पुन्हा रिकामी जागा.

"कुणाची तरी वाट बघितल्यासारखं वाटतंय, भाऊजी..." मेहुणा अगदी हळू म्हणाला. "ताईसाठी दुसरी गाडी बोलावू का?"

"सर्जनची बायको भाड्याच्या गाडीतून जाणार? लोक काय तोंडात शेण घालतील माझ्या! भित्रा कुठला. चालव गुपचूप."

तेवढ्यात सासूबाई बायकोला हाताला धरून घेऊन आल्या. सासूबाई मागे बसल्या. बायको पोट सांभाळत पुढे बसली, दार लागलं, आणि दिवा आपोआप विझला.

"बघितलंस?" सर्जन गरजला. "मालकीण बसली की गाडीसुद्धा सुतासारखी सरळ होते. आणि म्हणे दुसरी गाडी!"

बायको काचेतून हसली. गाडी लोण्यासारखी निघाली आणि वळणाआड गेली. सर्जन हात पुसत उभा राहिला. मगच त्याच्या लक्षात आलं, की जाताना इंजिनाचे ठोके चार पडत होते. तीन नेहमीचे, आणि मागून एक बारीक, मऊ. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, असं म्हणून त्याने स्वतःलाच शिवी हासडली. मेहुण्याचा गुण लागला म्हणायचा.

अर्ध्या तासाने फोन वाजला.

"अहो..."

"काय झालं? दिवा लागला?"

"नाही हो. दिवा नाही..." तिचा आवाज खोल गेला होता. "बाळ हलत नाहीये. गाडीत बसल्यापासून... एकदाही नाही."

तिच्या मागे इंजिन चाललेलं ऐकू येत होतं. ठक, ठक, ठक... ठक. आयुष्यात पहिल्यांदाच सर्जन हात जोडल्यासारखा बोलला.

"हे बघ, तुझ्या पाया पडतो... आधी त्याला गाडी बंद करायला सांग. उतरा सगळे खाली."

"उतरलोय की कधीचे. रस्त्याच्या कडेला उभे आहोत." ती रडू लागली. "गाडी बंदच आहे हो. किल्ली माझ्या मुठीत आहे."

तिच्या रडण्यामागे तो चौथा ठोका आता बाकीच्या तिन्हींपेक्षा मोठ्याने पडत होता.